पाच खुणांचं जहाज

भिवराबाईची लग्नं झाली दोन, आणि दोन्ही एकाच माणसाशी. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. तिला स्वतःला पन्नास वर्षांत एकदाही आलं नाही. पहिलं लग्न मांडवात लागलं, डफ वाजवून, अंगभर हळद माखून. दुसरं लागलं गोठ्यामागं अंधारात, चार माणसांत, कारण ते लग्न नव्हतंच. तो पाट होता, रांडमुंड बाईचा लावतात तसा. आणि ह्या दोहोंच्या मधे दोन वर्षं तिचं कपाळ पांढरं होतं, हात बोडके होते, आणि तिचा नवरा तिकडं दर्यावर धडधाकट उभा राहून बंबात कोळसा ढकलत होता.

राणीसावरगावच्या शिवारात माळाला लागून धनगरांची एक वस्ती होती, तिथली ही गोष्ट. वस्तीचा कायदा असा, की पाटाच्या बाईनं लग्नातल्या हळदीला हात लावायचा नाही, नवरीची ओटी भरायची नाही, देवकापुढं उभं राहायचं नाही. चूल फुंकायला, भाकरी थापायला, भांडी घासायला ती चालते. मांडवातल्या शंभर माणसांना तिच्या हातची भाकरी गोड लागते, फक्त तिच्या हातची हळद लागत नाही. भिवराबाईला सगळे ‘पाटाची भिवरा’ म्हणत. तोंडावर म्हणत, मुद्दाम नव्हे, सवयीनं. सवयीनं म्हणत ह्याचाच तिला जास्त राग येई.

तिचा नवरा ग्यानबा. पोरगेला होता तेव्हा मानवत रोडच्या ठेसनावर रेल्वे नवीनच आली होती. मेंढरं डब्यात कोंबायची, मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबायची आणि मुंबईच्या बाजारात नेऊन विकायची, असा धंदा काही जणांनी सुरू केला. ग्यानबा त्यांच्याबरोबर गेला. बंदराला इंग्रजांचं एक लढाऊ जहाज लागलं होतं. महिनोन्‌महिने पाण्यावर राहायचं, तर गोऱ्या खलाशांना ताजं मटण कुठून मिळणार, म्हणून ही जहाजं जितीच मेंढरं वर घेत. पण मेंढरू फळीवर चढेना. खलाशी ओढतायत, ढकलतायत, शिव्या देतायत, आणि मेंढरं चारी पाय रोवून उभी. ग्यानबानं म्होरकी मेंढी ओळखली, खांद्यावर टाकली आणि फळीवरून वर गेला. बाकीची गपगुमान मागं चालत गेली. गोऱ्या साहेबानं ते बघितलं आणि म्हणाला, ह्या माणसालाच ठेवून घ्या. तसा एक धनगर दर्यावर गेला.

मेंढरं खाऊन संपली तेव्हा जहाज मुंबईपासून लांब होतं. ग्यानबाला खाली बंबावर पाठवलं.

वर्षानं तो सुटी घेऊन घरी आला. रंग काळाठिक्कर, दंड लोखंडासारखे. अख्खी वस्ती ऐकायला जमली. त्यानं सांगितलं, “निम्मं जुनं अन् निम्मं नवं जहाज हाय. वारा असला की शिडं फुगवायची अन् बंब मंद ठिवायचा. वारा पडला की शिडं गुंडाळायची अन् आमी खाली कोळसा घालायचा. कोळसा महाग, वारा फुकट. इंग्रज लय चिक्कट माणूस. अरबस्तानाच्या बाजूला लोकं गलबतातून बंदुका चोरून नेतेत, त्येंच्या मागं आमी पळायचं.”

“म्हंजी बैलं जुपल्याली अन् वरून इंजिन लावल्याली गाडी,” कुणीतरी म्हणालं.

“तसंच समज,” ग्यानबा म्हणाला.

ग्यानबाचा बाप येडबा. नाव येडबा, पण मेंढराच्या बाबतीत त्याच्यासारखा शहाणा गंगाथडीला नव्हता. पाचशे मेंढरांत परक्याचं एक शिरलं तर तोंड बघून सांगायचा. हरवलेल्या मेंढरावरून दोघांत भांडण लागलं, की येडबाला बोलावणं यायचं. त्यासाठी वस्तीचा शिरस्ता ठरलेला होता. मेंढरू ज्यानं आपलं म्हणायचं, त्यानं पंचांपुढं मेंढराकडं पाठ करून त्याच्या पाच खुणा सांगायच्या. कान, कपाळ, पाय, शेपूट, लोकर. येडबा त्या ताडून बघायचा. पाच जुळल्या की मेंढरू त्याचं, फैसला पक्का, पुन्हा तक्रार नाही.

तर येडबानं पोराला तेच विचारलं. “तुझ्या जहाजाच्या खुणा सांग.”

ग्यानबा हसला, पण बापाला नाही कसं म्हणायचं? त्यानं सांगितल्या. तीन डोलकाठ्या. मधल्या डोलकाठीला लागून एकच धुराडं, पिवळं. अंग बगळ्यासारखं पांढरं. पुढच्या नाकाडावर सोनेरी वेल. आणि दोन्ही कडांना तीन-तीन तोफा. येडबानं बोटावर धरून पाठ केल्या आणि पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगत सुटला. माझ्या पोराचं जहाज अमुक, माझ्या पोराचं जहाज तमुक. दर्या त्यानं जन्मात बघितला नव्हता.

जाताना ग्यानबानं भिवराबाईकडून एक वस्तू नेली. वाघूर. मेंढरं कोंडायला माळावर जे दोरीचं जाळं लावतात ते. जहाजाच्या फळ्यांवर मेंढरं घसरायची, लाटेसरशी ह्या कडंवरनं त्या कडंला जायची, म्हणून त्याला वाघूर पाहिजे होतं. भिवराबाईनं अंबाडीची दोरी स्वतः वळली, गाठी स्वतः मारल्या. तिची गाठ जरा वेगळी होती, माहेरची. डाव्या हाताची.

दीड-एक वर्ष काही कळलं नाही. मग वालूरच्या बाजारात लोकर घेणारा बन्सीधर म्हणून एक दलाल होता, तो मुंबईहून आला. त्यानं बातमी आणली, की बंदरावर लोक बोलतायत, इंग्रजांचं एक लढाऊ जहाज तुफानात बुडालं. माणूस वाचला नाही. येडबानं त्याला वस्तीवर आणलं, पंच बसवले. पंचांचा म्होरक्या तेव्हा दत्तराव होता. शब्दाला पक्का म्हणून त्याचा मान. शब्दाला पक्का म्हणजे काय, एकदा चुकलं की चुकीलाही पक्का.

“खुणा सांग,” येडबा बन्सीधरला म्हणाला.

बन्सीधरनं जहाज डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. पण बंदरावरच्या लोकांकडून ऐकलेलं त्याला पाठ होतं. तीन डोलकाठ्या. येडबानं एक बोट मिटलं. पांढरं अंग. दुसरं बोट. पिवळं धुराडं, एकच. तिसरं. तोफा दोन्ही कडांना तीन-तीन. चौथं. मग येडबा थांबला. “अन् नाकाडावर काय?”

“सोन्याची वेल काढली होती म्हणत्यात,” बन्सीधर म्हणाला.

येडबाची मूठ मिटली. आपल्या पोराचं मरण त्यानं स्वतःच्या हातानं ताडून बघितलं आणि खरं ठरवलं. त्याचं दुःख खोटं नव्हतं, तो म्हातारा जमिनीवर लोळून रडला. पण पुढं जे झालं त्याला दुःख हे कारण पुरत नाही.

बायकांच्या मागून भिवराबाई उठली. एकोणीस-वीस वर्षांची होती. पंचांपुढं बाईनं बोलायचं नाही हे तिला माहीत होतं, तरी बोलली. “त्या बुडाल्या जहाजावर मेंढरं कोंडायचं वाघूर व्हतं का, त्ये इचारा. अंबाडीचं. माझ्या हातच्या गाठीचं.”

बन्सीधरला कसं ठाऊक असणार?

“पाच खुणा जुळल्या,” दत्तराव म्हणाला. “पाचावर मेंढरू देतो आपण. सहावी आजवर कुणी इचारली न्हाई.”

“त्या जहाजाच्या जुळल्या. माणसाच्या कुठं जुळल्या?”

“खाली बस, बाई,” दत्तराव म्हणाला, आणि बायकांनीच तिला पदर ओढून खाली बसवली.

आता ह्या लोकांची चूक कुठं होती ते समजून घ्या, म्हणजे नुसता राग येऊन भागणार नाही, नीट राग येईल. मेंढरांच्या खांडात एकासारखं दुसरं नसतं. जुळी कोकरंसुद्धा आईला वेगळी कळतात. ज्यानं जन्मभर हेच बघितलं, त्याच्या डोक्यात एका तोंडवळ्याची दोन जहाजं असतील हे येणार कसं? एवढं डोंगराएवढं धूड, ते कुणी दोनदा कशाला बनवील? म्हणून चूक झाली ती झाली. चूक माफ आहे. पण एका बाईनं उभं राहून सहावी खूण सांगितली होती आणि ती विचारायला कुणी मुंबईला गेलं नाही. मेंढरं विकायला दर महिन्याला जात होते.

कणकेचा पुतळा केला. त्याला ग्यानबाच्या घोंगडीत गुंडाळून माती दिली. दहावं घातलं. भिवराबाईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं, गळ्यातलं डोरलं काढून घेतलं. फोडणाऱ्या बाया रडत होत्या, ती रडली नाही. “त्यो जिता हाय,” एवढंच म्हणत राहिली, आणि बायका एकमेकींकडं बघून म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला.

दोन वर्षांनी ग्यानबा आला.

वस्ती तेव्हा एका कुणब्याच्या रानात मेंढरं बसवून होती. दुपारची वेळ. तो बांधावरून येताना बायांनी बघितला आणि किंचाळत पालात पळाल्या. वस्तीची दोन कुत्री तेवढी उठली, शेपटी हलवत गेली आणि त्याच्या अंगावर उड्या मारायला लागली. कुत्र्यांना कळलं, पंचांना कळायचं राहिलं. भिवराबाई शेणाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावर कोळशानं काळं झालेलं वाघूर होतं. तिनं आधी त्या गाठी बघितल्या, मग त्याचं तोंड.

“तुझं कपाळ असं कामून?” ग्यानबानं विचारलं.

“तुमाला मारलंय ह्यांनी,” ती म्हणाली.

पुन्हा पंच बसले. ग्यानबानं समजावून सांगितलं. त्याच्या जहाजासारखी अजून पाच जहाजं होती. एका कारागिरानं एकच कागद काढला आणि त्यावरनं सहा बांधली, साच्यातनं विटा काढाव्या तशी. खलाशी त्यांना बहिणी-बहिणी म्हणायचे. डोलकाठ्या तेवढ्याच, धुराडं तिथंच, वेल तीच. बंदरात दोन शेजारी लागल्या तर नवा खलाशी चुकून दुसरीवर चढायचा. “बुडाली ती बहीण. आमची तवा अरबस्तानात व्हती, मग लय लांब चीनच्या बाजूला गेली. मी मुंबईला परतलोच न्हाई, तर सांगावा कुणाकडनं धाडू?”

भिवराबाईनं वाघूर पंचांपुढं पसरलं. “ही घ्या सहावी खूण.”

दत्तरावनं त्याला हात लावला नाही. त्याला कळलं नव्हतं असं नाही. समोर हाडामासाचा माणूस बसला होता, तंबाखू मळत. पण फैसला झाला होता, दहावं झालं होतं, चार वस्त्यांची माणसं जेवून गेली होती. आता चुकलं म्हणायचं, तर आजवर पाच खुणांवर दिलेली सगळी मेंढरं परत भांडायला उठतील. म्हणून त्यानं काय इन्साफ केला, ऐका. ज्याचं दहावं झालं तो वस्तीच्या लेखी मेला. आला, तर नव्यानं आला. त्याला राहू द्या, मेंढरं राखू द्या. आणि भिवरा रांडमुंड आहे. तिला ह्या माणसाशी राहायचं असेल, तर पाट लावावा.

स्वतःच्या नवऱ्याशी पाट. अशा फैसल्याला काय म्हणावं? चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं, इथं तर चोरी करणारेच गादीवर बसून संन्याशाला म्हणत होते, आम्ही तुला मोठ्या मनानं जगू देतो.

सगळ्यांनी येडबाकडं बघितलं. तो एकटा बोलला असता तर निवाडा फिरला असता. खुणा त्यानं ताडल्या होत्या. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. आलेल्या पोराला त्यानं पोटाशी धरलं, त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, पण ते दोन शब्दांचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. साऱ्या गंगाथडीत ज्याची खूण कधी चुकली नाही असा तो एकच माणूस होता, आणि त्याला तसंच राहायचं होतं.

पुढं किती वर्षं गेली. येडबा मरायला टेकला तेव्हा भिवराबाईनंच त्याचं सगळं काढलं. पाणी पाजताना त्यानं तिचा हात धरला. “भिवरा, जहाजं खरंच एकावाणी एक असतेत काय गं?”

“असतेत, मामंजी.”

म्हाताऱ्यानं तिचा हात सोडला. मग म्हणाला, “कुणाला सांगू नकु.”

ह्या वाक्यावर तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. परत आली, उरलेलं पाणी पाजलं. तो तिच्याच मांडीवर गेला. पण ते ‘कुणाला सांगू नकु’ ती शेवटपर्यंत विसरली नाही.

तिची लेक म्हाळसाबाई. तिच्या लग्नात पहिली हळद दत्तरावच्या बायकोनं लावली. आईनं लावायची असते. आई वाघरामागं मेंढरांत बसून होती, कारण मांडवातनं कुणी ‘पाटाची भिवरा’ म्हणालं असतं तर तिनं त्या दिवशी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं, आणि लेकीच्या लग्नात ते बरं दिसलं नसतं. ग्यानबा तिच्याजवळ येऊन बसला. “जाऊ दे, भिवरा. आपल्याला म्हाईत हाय ना, आपलं लगीन हाय.”

“तुमचं काय जातंय जाऊ दे म्हणाया? तुमाला एकदाच मेला म्हणलेत. मला रोज पाटाची म्हणतेत.”

ग्यानबा असाच होता, हसून सोडणारा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण दोघांचं एकच घर जळत होतं आणि एकाला धग लागत नव्हती. ह्यावरून दोघांची जन्मभर भांडणं झाली.

रझाकारांची धामधूम आली आणि गेली, निजाम गेला. सगळं बदललं म्हणत लोक. वस्तीतला फैसला तेवढा जागचा हलला नाही. पुढं जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या दिवशी राणीसावरगावात पेढे वाटले. ग्यानबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होता. पारावर बसून पेढा चघळत म्हणाला, “मी एकला मुंबईला गेलो तर मला मेला म्हणलात. आता सगळा जिल्हाच मुंबईत गेलाय. कुणाकुणाचं दहावं घालता, घाला.” पारावरचे लोक पोट धरून हसले. भिवराबाईनं ते घरी ऐकलं तेव्हा तीही पहिल्यांदा जरा हसली, आणि मग तिला पुन्हा राग आला.

दत्तराव कधीच गेला होता. म्होरकेपण त्याच्या मुलाकडं, भुजंगकडं आलं होतं. हा भुजंग एकदा घोंगड्या विकायला गंगाखेडला गेला. विक्री झाली नाही, म्हणून गठडं घेऊन परत निघाला. मोटारीत बसला, गठडं बाकाखाली सारलं आणि गाडी सुटायला वेळ आहे म्हणून चहाला उतरला. परत आला तर गाडी उभीच होती. तोच रंग, तीच शिडी मागं, तसाच खाकी कपड्यातला डायवर. पाटी वाचता येत नव्हती त्याला. चढून बसला आणि डुलकी लागली. जागा झाला तो परभणीत.

इकडं दुसऱ्या मोटारीतनं घोंगड्यांचं गठडं एकटंच राणीसावरगावला उतरलं. गठडं ओळखीचं, माणूस नाही. वस्तीवर गलका झाला. बायका भुजंगच्या घरी जमल्या, त्याच्या बायकोनं गळा काढला. भिवराबाई दारात उभी राहून म्हणाली, “गठड्याची खूण जुळली. आता दहावं कवा घालायचं, ठरवा.” त्या घरात असं बोलायला नको होतं, खरं आहे. पण तिला कुणी सांगितलं होतं का, कुठं काय बोलू नये ते?

दुसऱ्या दिवशी भुजंग आला. लोक हसत होते, तोही हसत होता. भिवराबाई पारापुढं गेली.

“मोटारीच्या खुणा जुळल्या व्हत्या का रं, भुजंगा?”

“जुळल्या व्हत्या, काकू. सगळ्या एकावाणीच असतेत, काय करावं माणसानं.”

“मोटारी एकावाणी असतेत, तर जहाजं कामून नसावीत?”

भुजंगचं हसू गेलं.

“मनकर्णाचं लगीन सुगीनंतर धरलंय,” ती म्हणाली. मनकर्णा म्हाळसाबाईची लेक, भिवराबाईची नात, तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. “लेकीच्या हळदीला मी वाघरामागं बसले. नातीला पहिली हळद मी लावणार. लग्नाची बायको म्हणून. तू पंचात बोल, की तवाचा फैसला चुकला. दुसरं कायबी नको मला.”

“काकू, मला कळतंय सगळं. पण बापाचा फैसला मोडू कसा? मेल्या माणसाला उलटं बोलू नये.”

मेल्याला उलटं बोलू नये म्हणे. जित्याला मेला म्हणावं, ते चालतं. भिवराबाईनं त्याला एवढंच सांगितलं, “तुझा बाप मेलाय त्ये तरी नक्की हाय ना? का त्याच्याबी खुणाच जुळवल्या?” आणि घरी आली. भुजंगनं विषय पंचात ठेवतो ठेवतो म्हणून पुढं ढकलला. थंडी पडली, तरी ठेवला नाही.

त्या थंडीत ग्यानबाच्या छातीनं दगा दिला. कोळशाची धूळ होती जुनी, ती निघालीच नाही कधी. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं भिवराबाईला जवळ बोलावलं. “मी लय डाव म्हनलो, जाऊ दे. ह्या डावाला म्हणत न्हाई. मी गेलो की तुझ्या हातात येळ थोडा राहील. तवा जाऊ देऊ नकु.” दोन दिवसांनी सकाळी, मेंढरं चरायला निघाली त्या वेळेला तो गेला.

वस्ती जमली. बांबू आले, मडकं आलं. भुजंग पुढं झाला आणि म्हणाला, “उचला.”

“थांबा,” भिवराबाई म्हणाली. ती ग्यानबाच्या उशाशी बसली होती. कपाळाला कुंकू होतं, रोजच्यापेक्षा मोठं. “कुणाला उचलायलाय तुमी?”

“काकू, असं काय करता.”

“इचारते, सांगा. ह्या वस्तीच्या लेखी ग्यानबा पन्नास वर्साखाली मेलाय. तुझ्या बापानं दहावं घातलंय, चार वस्त्या जेवल्यात. मंग आज कोण मेलंय? कुणीबी न्हाई मेलं. जावा घरी, मेंढरं राखा.”

बांबू धरलेल्या माणसांनी ते भिंतीला टेकवले.

“न्हाईतर असं म्हणा, की माणूस आज मेलाय. मंग तवा मेला न्हवता. मंग माझं कपाळ तवा कशाला पुसलं? पाट कशाला लावला? माझ्या लेकीला हळद दुसऱ्या बाईनं कशाला लावली? दोन्हीतलं एक बोल, भुजंगा. दोन्ही खरं न्हाई होत. एक बोलल्याबिगर मी ह्यास्नी हलू देणार न्हाई, हितंच बसून ऱ्हाते.”

ऊन वर आलं. बांबू भिंतीला टेकून उभे होते. बायका पदरात तोंड घालून बसल्या. म्हाळसाबाई आईच्या पाठीशी येऊन बसली, मग तिची मनकर्णा बसली, आणि मग एकेक करत वस्तीतल्या पाटाच्या आणखी तीन बाया उठून तिकडं जाऊन बसल्या. भुजंगनं पटका काढला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. त्याला कुणी सोडवायला आलं नाही.

“तवा चुकलं,” तो शेवटी म्हणाला.

“मोठ्यानं बोल.”

“तवाचा फैसला चुकला. माझा बाप चुकला, येडबा आजा चुकला. भिवराकाकू लग्नाची बायको हाय. पाट खोटा.”

“आता उचला,” ती म्हणाली आणि बाजूला सरली. ग्यानबाच्या अंगावर तिनं वाघराचा एक तुकडा टाकला, घोंगडीच्या वर, गाठी दिसतील असा.

माणसं माती देऊन परतली. तेव्हा शिरस्त्याप्रमाणं दोन म्हाताऱ्या दगड घेऊन पुढं आल्या. आता ती लग्नाची बायको ठरली होती ना, मग लग्नाच्या बायकोचं रांडपण रीतसर व्हायला पाहिजे होतं. म्हणजे बघा, पन्नास वर्षांनी हक्क दिला आणि तो दुपार व्हायच्या आत परत घ्यायला निघाले. भिवराबाईनं हात पदराखाली घेतला.

“ह्या माणसाच्या नावाच्या बांगड्या तुमी तवाच फोडल्यात,” ती म्हणाली. “दोन वर्सं पांढऱ्या कपाळानं हिंडले मी ह्याच्या नावानं. एका नवऱ्याची किती येळा रांड करता मला? झालंय त्ये. पुन्हा व्हायचं न्हाई.”

म्हाताऱ्यांनी भुजंगकडं बघितलं. भुजंगनं मान खाली घातली आणि हातानंच, राहू द्या, अशी खूण केली.

सुगी सरली. सुतक-बितक सगळं आटपून वैशाखात मनकर्णाचं लग्न निघालं. मांडवात नवरी पाटावर बसली. हळदीची वाटी पुढं ठेवली आणि बायका थांबल्या. भिवराबाई वाघराकडनं आली नाही, घरातनं सरळ आली, कुंकू लावून, बांगड्या घालून, चालली तशी वाट मोकळी होत गेली. खाली बसली. बोटं हळदीत बुडवली. नवरीनं डोळे वर केले.

“आजी, हात कामून कापायलाय तुझा?”

“रागानं,” भिवराबाई म्हणाली. “तुझ्या आईची ऱ्हायलीय अजून. गाल हिकडं कर.”